'सहव्याधी' या शब्दाआडची माणसे

(पनवेल येथील श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, टाटा स्मारक केंद्राचे सुमारे साठ एकरांचे आवार आहे. परळचे मूळ रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. खारघरचे केंद्र या शतकाच्या आरंभी उभे राहिले. कर्करोगावरील संशोधन तेथे चालते, अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे अवघड उपचारही तेथेच होतात. त्यामुळे हाती फाइल धरलेला, डोक्यावर रुमाल किंवा टोपी घातलेला रुग्ण आणि त्याच्या शेजारी पिशवी सांभाळीत बसलेले घरचे माणूस हे दृश्य पनवेलकरांना नवे नाही. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा या माणसांचे काय झाले आणि त्यातून समाजाने काय शिकायला हवे होते, याचा विचार अद्याप पुरेशा गांभीर्याने झालेला नाही. साथ ओसरली म्हणून तो प्रश्न संपला असे मानणे सोयीचे आहे. परंतु ते खरे नाही.

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाला साथीचा धोका अधिक का, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी वेगाने वाढतात म्हणून त्या मरतात. परंतु हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या पेशीही तितक्याच वेगाने तयार होत असतात आणि औषधाला आपपरभाव कळत नाही. परिणामी औषध दिल्यानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. शरीराच्या दारावरचा पहारा त्या काळात जवळजवळ उठलेला असतो. रक्ताच्या कर्करोगात तर ज्या पेशींनी रोगजंतूंशी लढायचे त्याच पेशी रोगग्रस्त झालेल्या असतात. लिंफोमावर दिले जाणारे रितुक्सिमॅबसारखे औषध प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या 'बी' पेशीच नाहीशा करते आणि त्याचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो. याउलट स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे लोटलेली आणि आता केवळ एक गोळी घेणारी स्त्री जवळजवळ इतरांसारखीच असते. 'कर्करोगी' हा एक शब्द असला तरी त्याखाली येणाऱ्या माणसांचा धोका एकसारखा नाही, हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे सारे विवेचन फसते.

साथीच्या आरंभी हा विवेक करण्याइतकी माहितीच हाती नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. १,५९० कोरोनाबाधितांमध्ये कर्करोगाचा इतिहास असलेले अवघे १८ जण होते. त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना गंभीर स्वरूपाचा आजार झाला, तर इतरांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. अठरा माणसांवरून काढलेला निष्कर्ष जगभर पसरला. केमोथेरपी पुढे ढकलावी, शस्त्रक्रिया थांबवाव्यात, असा सूर उमटू लागला. भयाच्या काळात लहान आकड्यालाही मोठे वजन येते.

पुढच्या काही महिन्यांत मोठे अभ्यास आले आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. मुख्यतः अमेरिकेतील ९२८ कर्करुग्णांच्या पाहणीत १३ टक्के रुग्ण दगावले. ब्रिटनमधील ८०० रुग्णांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. परंतु वय आणि इतर आजार यांचा हिशेब केल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत केमोथेरपी घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात औषधोपचार चालू असताना कोरोना झालेल्या २३० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के रुग्ण मृत्यू पावले. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून कोणता देश बरा, अशी तुलना करता येणार नाही. रुग्णांची वये निराळी, कर्करोगाचे प्रकार निराळे. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची स्थिती मात्र सर्वत्रच अधिक बिकट होती. अनेक देशांतील ३,३७७ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा प्रौढांमध्ये मृत्यूचे प्रमाण ३४ टक्के आढळले. लहान मुलांमध्ये ते ४ टक्के होते. सारांश असा की, धोका खरा होता, मोठा होता, पण तो सर्वांवर सारखा पसरलेला नव्हता. उपचार सरसकट थांबवावेत असे त्यातून निघत नव्हते.

कारण दुसऱ्या पारड्यातही मरणच होते. कर्करोग साथीसाठी थांबत नाही. २०२० मध्येच एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचे संकलन प्रसिद्ध झाले. उपचारास चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका कर्करोगाच्या व उपचाराच्या प्रकारानुसार सुमारे ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विलंब जितका अधिक तितकी ही वाढ साचत जाते. कोरोनाने झालेला मृत्यू त्या दिवशीच्या आकड्यांत मोजला जात होता. उशिरा शस्त्रक्रिया झाल्यामुळे दोन वर्षांनी येणारा मृत्यू कोणत्याही दैनिकाच्या चौकटीत छापला जाणार नव्हता. दिसणाऱ्या मरणाच्या भयाने न दिसणाऱ्या मरणाकडे पाठ फिरवणे ही त्या वर्षाची फार मोठी चूक होती, आणि ती जगातल्या अनेक समृद्ध देशांनीही केली.

परळच्या रुग्णालयाने निराळा मार्ग धरला, याची नोंद घेतली पाहिजे. डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी त्या काळात लिहिलेल्या लेखात, उपचार चालू ठेवण्याच्या निर्णयामागील भूमिका जगापुढे मांडली. टाळेबंदी लागण्याच्या सुमारास, म्हणजे २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, तेथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. खारघरच्या आवारात कोरोना झालेल्या कर्करुग्णांसाठी स्वतंत्र सोय करण्यात आली, म्हणजे एका रोगापायी दुसऱ्या रोगाचा उपचार सुटू नये. याच खारघरमध्ये, दुसऱ्या लाटेची धग पूर्णपणे शमलेली नसताना, ४ जून २०२१ रोजी रुग्णाच्याच रक्तातील पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगाशी लढण्यास पाठवण्याचा 'कार-टी' उपचार भारतात प्रथमच देण्यात आला. सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था संकटातही आपले मूळ काम सोडीत नाही, हे यावरून सिद्ध झाले. आरोग्यसेवा बाजाराच्या हवाली करा, असे सांगणाऱ्यांनी हा अनुभव जरूर तपासून पाहावा.

परंतु रुग्णालयाचे दार उघडे असणे एवढ्याने काम भागत नाही. त्या दारापर्यंत माणूस पोचावा लागतो. देशातील ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी पुढे प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली होती: १,१२,२७० वरून ती ५१,७६० वर आली. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या. बाह्यरुग्ण विभागातील केमोथेरपी ३७ टक्क्यांनी उतरली. त्या तीन महिन्यांत या देशात कर्करोग कमी झाला नव्हता. सुमारे साठ हजार माणसे आपापल्या गावी गाठ, जखम, रक्तस्राव घेऊन बसून राहिली होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

ती का बसून राहिली, याचे उत्तर पनवेलच्या रेल्वे स्थानकावर मिळते. पनवेल ते परळ हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे, रोज जावे लागते. हार्बर मार्गाची लोकल हीच त्याची रुग्णवाहिका. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री ती थांबली. १५ जूनला ती पुन्हा सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती. आणि कर्करोगाचा उपचार ही त्या रुग्णाच्या दृष्टीने जगातली सर्वांत अत्यावश्यक गोष्ट असूनही, त्याला लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली ती पावसाळा सरता सरता. तोवर सुमारे सहा महिने गेले होते. ज्यांच्यापाशी मोटार होती त्यांनी परवाना काढून सायन-पनवेल महामार्ग गाठला. ज्यांच्यापाशी नव्हती त्यांनी एका फेरीसाठी आठवड्याची मजुरी मोजली, किंवा फेरी टाळली. त्यातच ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने रायगडावर आदळले. झाडे पडून रस्ते बंद झाले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या ज्या माणसाची केमोथेरपीची तारीख त्या आठवड्यात होती, त्याची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी.

आणि जे पोचले त्यांचे काय? परप्रांतांतून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबे टाळेबंदीत परळच्या पदपथांवर आणि हिंदमाता उड्डाणपुलाखाली अडकून पडल्याची वृत्ते त्या काळात वर्तमानपत्रांतून येत होती. ज्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, त्यांना 'घरात राहा, सुरक्षित राहा' असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात होते. पण घर शेकडो कोस दूर होते. उपदेश करणाऱ्याने समोरच्याला घर आहे हे गृहीत धरलेले होते. रुग्णांच्या नातलगांना रात्री पाठ टेकायला जागा नसते हे ओळखून गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आसरा देते. एका निरक्षर संताला जे कळले, ते आमच्या नियोजनकारांच्या आराखड्यांत आजही पुरेसे उतरलेले नाही.

या साऱ्या काळात एक शब्द घरोघर पोचला. तो शब्द म्हणजे 'सहव्याधी'. रोज सायंकाळी मृतांचा आकडा जाहीर होई आणि त्यापाठोपाठ सांगितले जाई की यांतील इतक्यांना सहव्याधी होत्या. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद आवश्यकच असते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात ती निराळेच काम करीत होती. ज्याला मधुमेह नाही, कर्करोग नाही, मूत्रपिंडाचा विकार नाही, तो सुटकेचा निःश्वास टाकीत होता: मेला तो निराळ्या जातीचा माणूस होता, आपण त्यातले नाही. ज्याला तो आजार होता त्याने हे वाक्य कोणत्या कानांनी ऐकले असेल? त्याच्या मरणाची गणती समाजाने आधीच करून ठेवली आहे, असेच त्याला वाटले असणार. मे २०२५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन कोरोनाबाधित रुग्ण दगावले. त्यांपैकी एकास कर्करोग होता. मृत्यू मूळ आजारामुळे झाले, असे महापालिकेच्या प्रशासनाने सांगितले. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही असेल. तरीही 'मूळ आजार' हे दोन शब्द ऐकताच आपली चिंता जर लगेच मावळत असेल, तर आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे: कर्करोग असलेल्या माणसाला आणखी काही महिने किंवा काही वर्षे जगण्याचा अधिकार इतरांहून कमी आहे काय?

हा भावनेचा प्रश्न वाटेल. पण तो धोरणाचा प्रश्न आहे, आणि लसीकरणाच्या इतिहासावरून ते दाखवून देता येते. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना, आणि ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक वीस आजार असलेल्यांना लस खुली झाली. त्या वीस आजारांत कर्करोग होता, ही योग्यच गोष्ट. परंतु पंचेचाळीस वर्षांखालील कर्करुग्णाचे काय? तो १ मेपर्यंत थांबला. मे महिन्यात लसीचा तुटवडा पडला आणि महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही आठवडे स्थगित करावे लागले. या वयात कर्करोग किती जणांना होतो, असे कोणी म्हणेल. परळला त्या पाच-सहा आठवड्यांत ज्या ४९४ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या त्यांचे मध्यम वय ४८ होते आणि साठीच्या पुढचे रुग्ण केवळ १३ टक्के होते. आपल्या देशात कर्करोग वार्धक्याची वाट पाहत नाही. वयाची चाळणी लावून धोका मोजण्याची रीत वृद्ध समाजांत एक वेळ चालेल. येथे ती चालत नाही.

तिसऱ्या मात्रेची कथा अधिक बोलकी आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असते त्यांच्या शरीरात दोन मात्रांनंतरही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, हे २०२१ च्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते. फ्रान्सने त्या वर्षी एप्रिलमध्ये आणि अमेरिकेने ऑगस्टमध्ये अशा रुग्णांना तिसरी मात्रा देण्याचे ठरवले. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही तशी शिफारस केली. भारतात १० जानेवारी २०२२ पासून अधिक मात्रा सुरू झाली, ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि साठीच्या पुढील सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी. चाळिशीतील लिंफोमाचा रुग्ण त्यात बसत नव्हता. १० एप्रिलपासून अठरा वर्षांवरील सर्वांना ती मिळू लागली. पण खासगी केंद्रांवर, पैसे मोजून. विनामूल्य मिळण्यासाठी १५ जुलै उजाडावा लागला, आणि तेही पंचाहत्तर दिवसांपुरते. सहव्याधी हा शब्द मृत्यूची बातमी सांगताना सर्वांना लागू होत होता. संरक्षण देताना मात्र त्याला वयाची आणि पैशाची अट होती. ही विसंगती कोणाच्या दुष्टपणातून आली असे नाही. ज्यांची संख्या थोडी आणि आवाज क्षीण, त्यांची आठवण धोरण आखताना शेवटी होते, एवढाच याचा अर्थ.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती स्वार्थी माणसालाही विचार करायला लावील. निरोगी माणसाच्या शरीरातून हा विषाणू काही दिवसांत हद्दपार होतो. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाच्या शरीरात तो महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि तेवढ्या काळात बदलत राहतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे लिंफोमाच्या एका रुग्णाच्या शरीरात शंभर दिवसांहून अधिक काळ टिकलेल्या विषाणूचा माग शास्त्रज्ञांनी काढला आणि त्याच्या रचनेत झालेले फेरफार नोंदवले. विषाणूची नवी रूपे अशा दीर्घ संसर्गातून निर्माण होण्याची शक्यता शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दुर्बलाला संसर्गापासून वाचवणे हे दयेचे काम नाही. त्याच्या संरक्षणात सर्वांचेच संरक्षण आहे. मात्र यातून रुग्णाकडेच संशयाने पाहणे हा उफराटा न्याय होईल. रुग्ण विषाणू निर्माण करीत नाही; त्याच्यापर्यंत तो कोणीतरी पोचवतो.

तो कोण पोचवतो? येथे प्रश्न कामगारांच्या जीवनाशी येऊन भिडतो. पनवेल परिसरात वास्तव्यास असलेले जे जवान एप्रिल २०२० च्या आरंभी बाधित आढळले, ते मुंबईच्या विमानतळावर पहाऱ्याचे काम करणारे होते. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी नोकरी केली होती. कंत्राटी सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, रिक्षाचालक, घरकाम करणारी स्त्री या सर्वांची गत तीच. अंगात ताप असताना घरी राहिले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. रुग्णाच्या खाटेजवळ ताप घेऊन येऊ नये, हा नियम भिंतीवर लिहिणे सोपे आहे. परंतु पगारी आजारपणाची रजा नसलेल्या माणसाकडून तो पाळला जावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. कर्करुग्णाचे रक्षण करायचे असेल तर त्याच्याभोवती काम करणाऱ्या सर्वांत गरीब माणसाला आजारी पडण्याचा हक्क दिला पाहिजे. दोघांचे हित एकच आहे. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था सदोष आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे घोषित केले. तो विषाणू मात्र गेला नाही. बहुसंख्यांना आज तो चार दिवसांच्या सर्दी-तापाएवढाच जाणवतो, आणि याचे श्रेय लसीला व आधीच्या संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीला आहे. ज्याच्या शरीरात ही शिदोरी उपचारांनी पुसून टाकलेली आहे त्याच्यापुरती साथ अजून उरलेली आहे. म्हणून काही गोष्टी घरोघर माहीत असणे आवश्यक आहे. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश किंवा अधिक ताप आला तर तो कोरोनाचा आहे की पांढऱ्या पेशी घटल्यामुळे झालेल्या दुसऱ्या संसर्गाचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. काही विषाणुरोधक औषधांचे कर्करोगाच्या औषधांशी जुळत नाही, म्हणून मनाने किंवा दुकानदाराच्या सल्ल्याने काही घेऊ नये. मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि नुकताच कोरोना होऊन गेला असेल तर तो लपवू नये. २०२१ मध्ये जगभरातील १,४०,२३१ रुग्णांच्या पाहणीत, शक्य असेल तेथे सात आठवडे थांबणे हिताचे ठरते असे दिसले होते. हा निर्णय मात्र डॉक्टरांनी कर्करोगाची निकड पाहून करायचा असतो. भेटीला येणाऱ्याने खोकला-सर्दी असल्यास येऊ नये. यावेच लागले तर मास्क बांधावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आजाऱ्याला बघायला न जाणे आपल्याकडे माणुसकीला सोडून मानले जाते. या बाबतीत न जाण्यातच माणुसकी आहे, हे थोरामोठ्यांनी घरात समजावून सांगितले पाहिजे.

घराने एवढे करावे. उरलेले काम सार्वजनिक आहे. साथीने वैद्यकाला एक धडा शिकवला. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधील एका चाचणीचा निष्कर्ष आला: स्तनाच्या कर्करोगाच्या योग्य त्या रुग्णांत तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिला जाणारा किरणोपचार एका आठवड्यात पाच वेळा दिला तरी परिणाम तितकाच चांगला राहतो. ज्या स्त्रीला महाडहून किंवा कर्जतहून यावे लागते तिच्यासाठी दहा फेऱ्या वाचणे म्हणजे दहा दिवसांची मजुरी, दहा वेळचे भाडे आणि गर्दीतला दहा वेळचा धोका वाचणे. रुग्णाच्या पायांचा विचार शास्त्राने केला तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे. मग शासनाने तसा विचार का करू नये? केमोथेरपीच्या ठरलेल्या मात्रा, रक्ततपासण्या आणि उपचारानंतरची देखरेख जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत व्हावी. मोठ्या केंद्रांजवळ रुग्ण व एका नातलगासाठी हवेशीर, स्वस्त निवास असावा. पुढे कधीही वाहतूक बंद करण्याची वेळ आली, तर रुग्णालयाचे कार्ड हाच प्रवासाचा परवाना मानला जाईल, असा नियम आजच लिहून ठेवावा. लसीचा अग्रक्रम वयावर न ठरवता प्रतिकारशक्तीवर ठरावा, आणि ती मात्रा विनामूल्य असावी. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. पुढची साथ येण्यापूर्वी त्या मान्य होणे तेवढे गरजेचे आहे, कारण साथ दारात आल्यावर केलेला नियम नेहमी सहा महिने उशिरा पोचतो.

एखाद्या समाजाची आरोग्यव्यवस्था किती सुदृढ आहे, हे तिच्या सर्वांत सुदृढ नागरिकांवरून ठरत नाही. खारघर स्थानकावर गाडीतून उतरून सावकाश चालणाऱ्या, पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली गेलेल्या माणसाला शेजारच्या गर्दीतून निर्भयपणे जाता येते काय, यावरून ते ठरते. ज्या दिवशी तसे जाता येईल, त्या दिवशी 'सहव्याधी' हा शब्द केवळ वैद्यांच्या नोंदवहीत राहील आणि त्या शब्दाआडचा माणूस पुन्हा आपल्यात मोजला जाईल.